खिडकीच्या आंब्याचं कलम

बाबा,

तुमचा खोकला कसा आहे? थंडीत जास्त व्हायचा. तिकडे थंडी असते की नसते, मला ठाऊक नाही. आईच्या डोळ्यांचं काय झालं? एका डोळ्याचं ऑपरेशन राहूनच गेलं होतं, तर तिला हाताला धरून कोण नेतं ते कळवा. आजोबांची कंबर सरळ झाली असेल तर बरंच, नाहीतर ते अजून वाफ्यातलं तण काढत वाकलेलेच असतील. राजवाड्याच्या बेगमसाहेब बऱ्या आहेत ना? त्यांना उजेड सोसत नसे. आणि दादा. दादा पोचला का? श्रावणात निघाला, म्हणजे एव्हाना पोचला असेल. त्याच्या हाताचा कंप थांबला का तेवढं बघा. शेवटी शेवटी कप बशीवर वाजत राहायचा, चहा अर्धा खाली. त्याच्यावर रागावू मात्र नका. तुमच्या रागाचं ओझं त्याने जन्मभर वाहिलं, तिकडे आल्यावर तरी उतरवून ठेवू द्या.

आम्ही इकडे ठीक. मुलाला साखर निघाली आहे, गोळी चालू आहे. सून धाटावला कंपनीत शिफ्टला जाते, उभं राहून राहून तिची पाठ धरते. माझं म्हणाल तर मला काही दुखत नाही, आणि तेच सांगायला बसले आहे. दादा जाऊन दोन महिने होत आले. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की आपलाच गाल आपला राहत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखं वाटतं. तसं झालंय. स्वयंपाक होतो, अळूवडीला बेसन किती लागेल ते बरोबर कळतं, दूधवाल्याशी भांडणसुद्धा करते. बाकी काही नाही.

आज दसरा. सकाळी पाटावर तुमचा कलमाचा चाकू ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. सून म्हणाली, "आई, एवढाच? आमच्याकडे गाडीची करतात, मिक्सरचीपण करतात." मी म्हटलं, "आमचं घर ह्याच्यावर चाललं गो." राजवाड्यावर माळी होतात तेव्हा दसऱ्याला तुम्ही कोयत्या, खुरपी, कात्री, झाऱ्या सगळं माडाच्या झापावर ओळीने मांडायचात. पूजा झाली की त्या दिवशी बागेतलं पानसुद्धा तोडायचं नाही. हत्याराला एक दिवस विसावा. त्या दिवशी बेगमसाहेबांच्या खोलीतल्या फुलदाणीतली फुलंसुद्धा आदल्या दिवशीची असायची, आणि त्या चालवून घ्यायच्या. म्हणून आज मी चाकूला हात लावलेला नाही. उद्या सकाळी लावायचा आहे, आणि उद्या सकाळीच कंत्राटदाराचा माणूस करवत घेऊन येणार आहे. माझ्या दारातला आंबा उद्या जाणार, बाबा. त्याच्या आधी मला त्याच्यावर बांधलेलं कलम कापून उतरवायचं आहे. ते धरलं आहे की नाही, मला माहीत नाही.

कुठला आंबा ते तुम्हाला सांगायला नको. खिडकीचा, त्याच्याच कलमातून वाढलेला. मी परवा कुणाशी तरी बोलताना त्याला 'आमच्या घरचा आंबा' म्हणाले आणि मग मलाच हसू आलं. कसलं आमच्या घरचा! पण तुम्ही सांगायचात ते असं सांगायचात की राजवाडा त्या झाडासाठी बांधला असं आम्हा पोरांना वाटायचं. जुन्या सरकारांना समुद्र समोर हवा होता, म्हणून टेकडीच्या अगदी टोकाला वाडा चढवला. खालून गलबतांतून दगड आला, कुठून कुठून रंगीत काचा आल्या. तोंड थेट पश्चिमेला. मग सरकारांना बाग हवी झाली. परदेशात बघितली होती तशी, गोल गोल वाफे, मध्ये कारंजं, भोवती गुलाब. गुलाब लावले. एका पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने सगळे करपून गेले, नुसते काटे उभे. पुढच्या वर्षी परत लावले, परत गेले. मग कुणाला तरी सुचलं, की आधी वाऱ्याला आडवं काहीतरी पाहिजे. सुरूची रांग लावली, तिच्यामागे उंडी, तिच्यामागे करंज. ती वाढेपर्यंत सरकार म्हातारे झाले. गुलाब फुलले ते त्यांच्या सुनेच्या राज्यात. तुम्ही म्हणायचात, बाग लावणारा वेगळा आणि बागेत बसणारा वेगळा, हे असंच असतं गो.

ती सून म्हणजे बेगमसाहेब. त्यांच्या खोलीत दुपारी समुद्राची तिरीप यायची आणि त्यांचे डोळे दुखायचे. त्यांनी आजोबांना सांगितलं, खिडकीसमोर झाड पाहिजे. आजोबांनी सांगून बघितलं, तिथे वारा उघडा लागतो, तिथे आंबा होणार नाही. "मग जेवढा होईल तेवढा होऊ दे," त्या म्हणाल्या. तो झाला. पण वाऱ्याने त्याला असा रेटला की बुंध्यापासूनच तो वाड्याकडे कलला. वाढेल तसा खिडकीकडे सरकत गेला, आणि एक दिवस फांदी झडपेला टेकली. सुताराने कुऱ्हाड आणली तर बेगमसाहेब म्हणाल्या, "फांदी राहू दे, झडप काप." झडपेला कोपऱ्यात खाच पाडली. पावसाळ्यात त्या खाचेतून पाणी आत यायचं, आणि आत एक तांब्याचं घंगाळ ठेवलेलं असायचं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. आंबा लहान, सालीला जाड, गोडीला हापूसच्या पासंगालाही पुरायचा नाही. पण सगळ्यांचे आंबे संपले की याचे पिकायचे, मिरगाच्या तोंडाला, आणि एवढ्या वाऱ्यात देठ सोडायचे नाहीत.

माझ्या आठवणीतलं राजवाड्याचं वैभव म्हणजे ओहोटी लागल्यावरचं. संस्थान गेलं, सरकारांची मंडळी मुंबईला राहायला गेली, हिवाळ्यात पंधरा दिवस येणार. कारंज्यात बेडूक. माळी तीन होते त्यांचे दोन झाले, मग तुम्ही एकटे. तरी पहाटेचं काम तेच. रात्री वारा फिरला, पत्र्यावर वाळू वाजली, की तुम्ही उजाडायच्या आत आम्हाला उठवणार. आई, दादा, मी. पानांवर खार बसलेली असायची. ऊन चढायच्या आत गोड्या पाण्याने पानं धुवायची, नाहीतर कडा जळतात. रहाटावरून पाटाने पाणी यायचं, त्यातून झाऱ्या भरायच्या. दादा कुरकुरायचा. "कोण बघतंय इथं? मालक तर येतच नाय." तुम्ही म्हणालात, "मालक नाय रे, झाड बघतंय." दादा मला हळूच म्हणाला, "झाडाला डोळे असते तर त्यानंच पळ काढला असता." तुम्हाला ऐकू गेलं. तुम्ही त्याच्या झारीत आणखी पाणी ओतलंत.

आणि एक दिवस त्याने पळ काढलाच. पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात लागला. तुम्ही त्याला ओसरीवर उभं करून बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "माती तीच, पण ती माती दरवर्षी पाण्यात जायची. इथं लावलेलं उभं राहतं." तो म्हणाला, "बाबा, इथं उभं राहिलेलं बघायला कोण हाय?" त्यानंतर तुम्ही दोघे एकमेकांशी कामापुरतंच बोललात. तरी निघताना तुम्ही त्याला कलमाचा चाकू दिलात. मला राग आला होता, बाबा. चाकू त्याला, ज्याला नको होता. मी मुलगी म्हणून मला कधी हातातसुद्धा दिला नाहीत.

मला तुम्ही कलम दिलंत. माझं लग्न ठरायच्या आधीच्या पावसाळ्यात तुम्ही खिडकीच्या आंब्याला बांबूचं मचाण बांधलं, त्यावर बाठीतून उगवलेल्या रायवळच्या रोपाची कुंडी चढवली, रोपाची साल आणि फांदीची साल तासून एकमेकांना लावली, केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधली, वर शेणमाती. भेट कलम. मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणालात, "ज्याला न्यायचं असेल त्याच्यासाठी." मग महिन्याभराने, तुम्ही बाजाराला गेला होतात तेव्हा, मी मचाणावर चढले आणि सोपट थोडं सैल करून आत बघितलं. मला बघायचं होतं एक झालं का. तुम्ही आल्या आल्या ओळखलंत. हात उगारलात, पण मारलं नाहीत. "उघडून बघायचं नसतं गो बाय," एवढंच. "तू बघितलंस तेवढ्यात वारा आत गेला. धरलं की ते आपणहून सांगतं." आणि परत नव्याने बांधलंत. त्यामुळे ते उशिरा उतरलं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही ते कापून माझ्या हातात दिलंत. चुडा भरलेल्या हातांनी मी कुंडी घेऊन एसटीत बसले. चणेऱ्याच्या घाटात ती सासूबाईंच्या शालूवर कलंडली. तो डाग कधी गेला नाही आणि त्याचं बोलणंही कधी गेलं नाही.

रोह्याला पहिल्यांदा आले तेव्हा मला इथली झाडं विचित्र वाटली. सगळी सरळ. कुंडलिकेच्या काठची, अष्टमीच्या पुलाजवळची, रांगेत उभं केल्यासारखी. मला वाटायचं झाड म्हणजे एका अंगाला झुकलेलंच असतं. तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा आंबा पुरुषभर उंच झाला होता. परसात तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिलात, वरून खालून बघितलंत आणि म्हणालात, "हे आपलं नाय गो." सासूबाईंना लागलं ते. "म्हणजे काय व्याही, तुमच्या लेकीनं इथं येऊन झाड बदललं की काय?" तुम्ही एक पान तोडलंत, चुरगाळलंत, नाकाला लावलंत. बराच वेळ धरून ठेवलंत. "व्हय. आपलंच. सरळ वाढलंय म्हणून वळखलं नाय. ह्याला इथं कुणी त्रास दिला नाय." सासूबाई खूश झाल्या. "आमच्याकडे कुणालाच त्रास नाय, व्याही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी चहाची भांडी उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे परसात पाण्याचा आवाज आला म्हणून मी उठले, तर तुम्ही झारी घेऊन पानं धूत होतात. रात्री वारा सुटला होता. सासूबाईही बाहेर आल्या. "अहो व्याही, इथं कुठला आलाय समुद्र?" तुम्ही झारीकडे बघितलंत, मग झाडाकडे, मग कंपाउंडापलीकडे, जिथे दुसऱ्याचं न्हाणीघर होतं. "व्हय की," म्हणालात. आणि मग, "सुरू केलंय तर पुरं करतो." उरलेली पानंही धुतलीत. मी तुम्हाला शेवटचं चालतं-फिरतं बघितलं ते तेव्हा.

आता दादाचं सांगते. गेल्या वर्षी मी आणि तो राजवाडा बघायला गेलो. त्यालाच यायचं होतं. जन्मभर नाव काढलं नाही आणि एकदम म्हणतो, चल. फाटकाला साखळी. वॉचमन म्हणाला, "आत सोडत नाय." दादा म्हणाला, "आमचा बाप इथं माळी होता." वॉचमन हसला. "आजोबा, इथं येतो तो हेच सांगतो. एवढे माळी असते तर राजवाड्यापेक्षा बाग मोठी झाली असती." दादाही हसला. मग वॉचमनलाच दया आली, त्याने कडेच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. सुरूची रांग निम्मी गेलेली. कारंज्याच्या जागी गवत. आणि खिडकीचा आंबा आडवा. मोठ्या वादळात पडला म्हणे, मुळं वर, समुद्राकडे. खिडकीची झडप तेवढी होती, खाचेसकट. इतकी वर्षं तो ज्या वाऱ्यापुढे झुकून राहिला, त्यानेच शेवटी उपटला. येताना चणेऱ्याला एसटी थांबली तेव्हा दादाने भजी घेतली आणि एक भजं हातात तसंच धरून म्हणाला, "तुझ्या दारातला हाय ना अजून?"

"हाय. पण पोरगा घर वाढवतोय, तो जाईल म्हणतात."

"जायच्या आत एक कलम बांध. माझ्या दारात लाव. कारखान्याच्या पुढं जागा हाय."

"मला येत नाय रे. तुला शिकवलं बाबांनी."

"मला शिकवलं, मी विसरलो. तुला शिकवलं नाय, तू सारखी बघत बसायचीस. तुलाच आठवत असंल."

चाकू त्यानेच आणून दिला, पेणहून, यंदा आषाढ लागायच्या आत. इतकी वर्षं दादाने त्या चाकूने शाडूच कापला होता. बिजागरीत माती वाळून बसलेली. मी ती सुईने काढली. मचाण कुठून आणणार? सुनेने प्लास्टिकचा स्टूल, त्यावर जुनं टीव्हीचं टेबल, असं रचून दिलं. "आई, यूट्यूबवर बघू का?" तिने लावलंही, पण तो माणूस प्लास्टिकच्या पट्टीने बांधत होता आणि फार भरभर बोलत होता. मी म्हटलं, बंद कर. सोपट तुम्ही ओलं करून घ्यायचात ते आठवलं. डाव्या अंगठ्याने साल दाबून धरायचात ते आठवलं. हातांना आठवलं म्हणा, मला नाही. बांधून झाल्यावर दादाला फोन केला. "घट्ट बांधलंस?" "घट्ट." "लय घट्ट नको. श्वास घेऊ दे." माळ्यासारखं बोललास, मी म्हटलं. पलीकडे नुसता कप वाजत होता.

श्रावणात फोन आला. मी जोह्याला पोचले तेव्हा त्याला नेऊन झालं होतं. वहिनी आतल्या खोलीत बायकांत होती. मला कुणीतरी कारखान्यात बसवलं. चारी बाजूंना गणपती, रंग झालेले, सोनेरी काठ झालेले, फक्त डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी दादा करायचा, हात थरथरायला लागला तरी ब्रश टेकला की कंप थांबायचा म्हणे. आता एवढ्या मूर्तींना डोळे कोण काढणार, याची बाहेर पुरुषांत कुजबुज चालली होती, कारण ट्रक यायचे होते. मी तिथे बसून राहिले आणि मनात एकच आलं, की इथे कलम ऊन चांगलं खाईल, पण दुपारी भिंतीची झळ लागेल, जरा पुढे लावायला हवं. भाऊ गेला आणि मी उन्हाचा हिशेब करत होते. वहिनी गळ्यात पडून रडली. मी तिची पाठ थोपटली. माझा हात थोपटत होता.

मुलगा वाईट नाही, बाबा. त्याने आधी म्हटलं, "आई, मी तुला चांगल्या नर्सरीतून हापूस आणून देतो, मामाच्या दारात लावू." मी म्हटलं, हापूस नको. "झाडासाठी काम थांबवायचं का आपण?" "झाडासाठी नाय रे. मामासाठी." पायाचं काम अडकलं आहे, पावसाळा संपलाय, कंत्राटदार रोज फोन करतो. तरी मुलगा दसऱ्यापर्यंत थांबला. "मग मात्र नाय हं आई." तेही बरोबरच. गेल्या पंधरवड्यात मी तुमच्यासारखा सांध्याखाली फांदीला अर्धा छेद दिला. पानं मान टाकतील असं वाटलं होतं, टाकली नाहीत. पण अर्ध्या छेदाने काही कळत नाही, अजून आईझाडाच्या जिवावरच जगतंय ते. पुरतं कापल्यावर कळेल. महिना-दोन महिने अजून मिळाले असते तर माझा जीव असा टांगणीला लागला नसता. तसा तो लागलाय की नाही तेही मला नीट कळत नाही, पण काल रात्री जेवायचं विसरले, म्हणजे लागला असावा.

उद्या उतरवलं की सून सुट्टी घेऊन माझ्याबरोबर जोह्याला येणार आहे. कुंडी मांडीवर घेऊन बसेन. या वेळी शालूबिलू कुणाचा नसेल. वहिनीने जागा खणून ठेवली आहे, भिंतीपासून जरा पुढे. ती काल फोनवर म्हणाली, "तुम्ही आणा, धरो न धरो." पण धरलं नाही तर तिथे काय राहील? राजवाड्यावरचा पडला, इथला उद्या जाणार. मग दादाच्या दारात एक खड्डा तेवढा, आणि तुमचं आणि त्याचं भांडण जिथल्या तिथे.

सोपट मी उघडून बघितलेलं नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही. हात तिथपर्यंत गेला, पण नाही. हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, पाटावर चाकूशेजारीच ठेवीन, फुलापाशी. सकाळी चाकू उचलताना बाजूला करीन.

एक सांगायचं राहिलं. आज पहाटे मी झारी घेऊन परसात गेले आणि आंब्याची पानं धुतली, हाताला लागतील तेवढी, आणि कलमाचीही. सून चहा घेऊन आली, म्हणाली, आई, हे काय? मी म्हटलं, रस्त्याची धूळ बसलीय. धूळ नव्हती, बाबा. रात्री वारासुद्धा सुटला नव्हता. पाणी गार होतं, तेवढं मात्र मला कळलं.

धरलं असेल तर कळवा. सकाळी लवकर येणार आहेत ते. त्याच्या आत उत्तर लिहा.